रसद ज्याच्या हाती: कोपनहेगनची पन्नास वर्षं

आज आपण डेन्मार्कच्या राजधानीची, कोपनहेगनची गोष्ट पाहू. २०१२ साली या शहराने ठरवलं, की २०२५पर्यंत कार्बन-तटस्थ व्हायचं. म्हणजे शहर जेवढा कार्बन हवेत सोडेल, तेवढा दुसरीकडे वाचवून हिशेब शून्यावर आणायचा. जगातली पहिली कार्बन-तटस्थ राजधानी होण्याचा मान त्यांना हवा होता.

पण गोष्ट २०१२ला सुरू होत नाही. लष्करातला माणूस नकाशा उघडला, की आधी रसदीचा रस्ता शोधतो. इथेही तेच करू.

१९७३. पश्चिम आशियात युद्ध पेटलं आणि तेलाचा भाव भडकला. डेन्मार्कची सुमारे ९० टक्के ऊर्जा आयात तेलावर चालत होती, आणि हिवाळा तोंडावर होता. २५ नोव्हेंबरपासून दर रविवारी खासगी मोटारी बंद झाल्या. रसद तुटली तर देश गारठतो, हे प्रत्येक घराला कळलं.

त्यातून १९७९चा उष्णता पुरवठा कायदा आला. वीज केंद्रात इंधन जाळलं, की निम्म्याहून अधिक उष्णता सहसा वाया जाते. ती गरम पाण्याच्या रूपाने नळांतून घरोघर पोचवायची, ही कल्पना जुनीच. शहराला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्गने १९०३ सालीच कचरा जाळून इस्पितळाला ऊब दिली होती. कायद्याने नियोजनाची जबाबदारी नगरपालिकांवर टाकली. १९८४ साली पाच नगरपालिकांनी मिळून उष्णता वाहून नेणारी संस्था काढली. आज शहरातली जवळजवळ ९८ टक्के घरं या जाळ्यावर आहेत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. तेव्हा हवामानाचा विचार कुणाच्या मनात नव्हता. तेल सोडून वीज केंद्रं कोळशाकडे वळली. धूर तसाच राहिला. पण सामायिक नळांचा फायदा असा, की एका ठिकाणी इंधन बदललं की हजारो घरांचं इंधन बदलतं. २०२० साली शहराच्या अमागर केंद्राने कोळसा सोडला, तेव्हा कुणाच्या घरात एक नळही बदलावा लागला नाही.

दुसरी फळी वाऱ्याची. बंदराबाहेर मिडलग्रुंडन नावाचा उथळ पट्टा आहे. राजधानीच्या रक्षणासाठी एकोणिसाव्या शतकात तिथे सागरी किल्ला बांधला. त्याच उथळ पाण्यात २०००मध्ये २० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यातल्या १० नागरिकांच्या सहकारी संस्थेच्या, सभासद आठ हजारांहून अधिक. आपल्याला साखर कारखाने आणि दूध संघ ठाऊक आहेत, तेव्हा हे गणित समजायला अवघड नाही: ज्याचा भाग असतो, तो विरोधाला उभा राहत नाही.

मग २०२५चं काय झालं? ऑगस्ट २०२२मध्ये शहराने जाहीर केलं, की उद्दिष्ट गाठता येणार नाही. कचरा जाळणाऱ्या केंद्राच्या धुराड्यातून कार्बन पकडण्याची योजना सरकारी निधीच्या आर्थिक अटीत बसली नाही. शेवटचा टप्पा अशा गोष्टीवर टेकला होता, जी शहराच्या हातात नव्हती. टीकाकारांचे आक्षेपही खरे आहेत: लाकूड जाळणं हिशेबात शून्य धरलं, आणि नागरिकांचा विमानप्रवास व बाहेरून येणाऱ्या मालाचा कार्बन हिशेबात घेतलाच नाही.

तरीही २००५च्या तुलनेत त्या शहराचं उत्सर्जन ढोबळमानाने तीन चतुर्थांश घटलं. तारीख हुकली, पण मुलूख बराच जिंकला. आणि तारीख जाहीर होती म्हणूनच ती हुकल्याचं लोकांना कळलं.

आपल्याकडे मुंबईने मार्च २०२२मध्ये हवामान कृती आराखडा मांडला, लक्ष्य २०५०. चेन्नई आणि बेंगळुरूनेही आराखडे केले. आपल्याला ऊब नको, गारवा हवा. पण तत्त्व तेच. घरोघर वेगळा एसी लावण्याऐवजी एका केंद्रातून थंड पाणी पुरवता येतं. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत तशी व्यवस्था आहे.

आपल्या शहराचा आराखडा हाती आला, की दोन प्रश्न विचारा. यातलं किती आपल्या महापालिकेच्या हातात आहे? आणि जे नाही, ते कुणाच्या हातात आहे? कोपनहेगनला दुसऱ्या प्रश्नाने अडवलं. पण तिथवर पोचवलं ते पहिल्याच्या उत्तराने.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.