दख्खनच्या कर्जाचें कोडें

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें या बाजाराच्या गांवीं कुणब्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांना हवे होते ते कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. त्या मिळतांच त्यांची होळी झाली.

या दंग्याचें कारण मीं तीस वर्षें मुलांना एका ओळींत सांगितलें: सावकार लोभी, कुणबी अडाणी. परीक्षेंत तेवढ्यावर गुणहि मिळत. निवृत्त झाल्यावर दंग्याच्या चौकशी-कमिशनचा अहवाल वाचला, आणि माझी मलाच लाज वाटली.

अमेरिकेंतील यादवीमुळें १८६१ ते १८६५ पर्यंत कापसाला सोन्याचा भाव आला. पीक दिसतांच सावकारानें हात सैल सोडला, कुणब्यानें पसरला. पुढें भाव कोसळले, आणि नेमक्या त्याच सुमारास, १८६७ पासून, इंदापुराकडून सुरू होऊन साऱ्याची फेरआकारणी झाली. सारा रोख व मुदतींत भरावयाचा, मग पाऊस पडो वा न पडो. तो भरण्यास पुन्हा सावकारच!

आतां कायद्याची गंमत पाहा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या रोख्यावरील दावा तीन वर्षांच्या आंत आणणें भाग पडलें. हेतु ऋणकोच्या रक्षणाचा. परंतु सावकार दर तीन वर्षांनीं व्याज मुदलांत मिळवून नवा रोखा लिहून घेऊं लागला, आणि आधार व्हावा तोच फांस झाला.

परिणाम उलटून कारणावर कसा येतो हें तपासण्याची शिस्तबद्ध पद्धति अमेरिकेंत जे फॉरेस्टर यांनीं १९५६ नंतर बसविली. तिच्या रीतीनें मीं घरच्या पाटीवर पत, पाऊस, सारा, कोर्ट व जमीन अशीं नांवें मांडून बाण काढले. बाण फिरून फिरून पतीपाशीं येत. कुणब्याला कर्ज देणारा दुसरा कोणी जवळ नव्हता.

१८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानें पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत न्यायाधीशास रोख्यामागील मूळ व्यवहार उकरण्याचा अधिकार दिला. कर्जासाठीं तुरुंगवासहि बंद झाला. कायदा दयाळू खरा. पण पतीचा बाण होता तेथेंच राहिला. कित्येक सावकार गहाणखत नाकारून थेट खरेदीखतच मागूं लागले. पतीचा दुसरा झरा काढण्याचा सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ सालीं आला. सुप्याच्या होळीला तेव्हां एकोणतीस वर्षें लोटलीं होतीं.