अन्न सुरक्षा व मानके (पॅकेजिंग) विनियम, २०१८

अन्न सुरक्षा व मानके (पॅकेजिंग) विनियम, २०१८ हे अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये खाद्यपदार्थांच्या वेष्टनासाठी भारतात लागू असलेले विनियम होत. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ते डिसेंबर २०१८ मध्ये अधिसूचित केले. त्यांचे पालन १ जुलै २०१९ पासून बंधनकारक झाले. महाराष्ट्रात त्यांची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. लेबलावरील मजकुरासाठी २०२० चे स्वतंत्र विनियम आहेत.

तरतुदी

छपाईची शाई भारतीय मानक १५४९५ नुसार असावी लागते. वेष्टनाच्या छापील पृष्ठभागाचा अन्नाशी थेट संपर्क येता कामा नये. अन्न बांधण्यास वा साठवण्यास वृत्तपत्राचा कागद वापरण्यास मनाई आहे. गरम व तेलकट पदार्थांत शाईतील द्रव्ये सहज उतरतात. दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावी रद्दीत बांधून दिला जाणारा आलुबोंडा किंवा कचोरीही या मनाईच्या कक्षेत येते.

युरोपमधील नियम

युरोपीय संघाच्या २००४ च्या १९३५ क्रमांकाच्या विनियमानुसार अन्नाच्या संपर्कातील वस्तूंमधून आरोग्यास अपायकारक प्रमाणात द्रव्ये अन्नात उतरता कामा नयेत. २००५ मध्ये इटलीत खोक्यांवरील शाईतील आयटीएक्स हे रसायन बालकांच्या दुधात आढळले. छपाई बाहेरून असली, तरी छापील कागद गुंडाळून ठेवल्यास शाई आतल्या बाजूस लागू शकते.