वही कोणाच्या हातात

भंडारदऱ्याचे आवर्तन सुटले की प्रवरेच्या दोन्ही कालव्यांवर रात्री बॅटऱ्यांचे उजेड हलू लागतात. वरच्याने दार बुजवले, खालच्याने आपले फोडले, चारीतले पाणी सरीत वळले. ‘मालक कुठं आहेत?’ असे कोणी घरी विचारले तर ‘दारं धरायला गेलेत’ एवढे उत्तर पुरते. पाळी कोणाची किती वाजता लागली, कोणाची हुकली, हे त्या रात्री बांधावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला पाठ असते. सहा महिन्यांनी त्यावरून वाद निघाला तर मात्र वही लागते. आणि ती वही कोणाकडे आहे, यावर वादाचा निकाल बराचसा ठरतो.

संगणकावरच्या महागड्या सॉफ्टवेअरचा परवाना हीसुद्धा अशीच पाळीने वापरायची वस्तू आहे. कारखान्याने किंवा कॉलेजाने वीस परवाने घेतले आणि वापरणारे साठ असले, तर कोणी घेतो, कोणी परत करतो, कोणी ताटकळतो. त्या देवघेवीचा मागचा सारा इतिहास आता वेब एपीआयमार्फत, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामला इंटरनेटवरून ठरलेल्या नमुन्यात प्रश्न विचारून, काही क्षणांत मागवता येतो. ही सोय नवी असली तरी तिचे कूळ बरेच मागे जाते.

‘परवाना’ हा शब्द फारसीतून आला. निजामशाहीची राजधानी असलेल्या अहमदनगरात दरबारी कागदाची भाषा फारसी होती आणि सनद, कौल, दस्तक यांच्या जोडीने परवानाही मराठीत रुळला. त्याच्यापासूनच ‘परवानगी’ घडली. ‘लायसन’ इंग्रजीतून आला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘मुभा असणे’ हा अर्थ आहे. दोन्ही शब्दांत एक गोष्ट समान आहे. वस्तू देणाऱ्याचीच राहते, घेणाऱ्याला मिळते ती मुभा. मुभा दिली की ती कशी वापरली जाते, यावर देणाऱ्याची नजर राहणार, हेही ओघाने आलेच.

संगणकाच्या बाबतीत ही नजर सुरुवातीला खरोखरच काटा-मीटरच्या रूपात होती. आयबीएम आपली यंत्रे प्रामुख्याने भाड्याने देत असे. १९६४ मध्ये जाहीर झालेल्या सिस्टिम ३६० च्या यंत्रांवर वापराचे तास मोजणारे मीटर बसवलेले असत; ठरलेल्या तासांपलीकडे यंत्र चालले तर जादा आकार. विजेच्या मीटरसारखाच हा प्रकार. त्याच साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा देशातले संशोधक त्यावर आपली पाळी लावून कार्डांचे गठ्ठे पाठवीत. त्या काळी दुर्मिळ होते ते यंत्र. सॉफ्टवेअर यंत्राबरोबर येई आणि त्याची वेगळी किंमत सहसा कोणी विचारत नसे.

२३ जून १९६९ रोजी आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी करण्याची घोषणा केली. सॉफ्टवेअरच्या परवान्याचा व्यापार खऱ्या अर्थाने तिथून वाढीस लागला. मग परवाना एका यंत्राला बांधला गेला. कधी यंत्राच्या क्रमांकाला, कधी मागच्या पोर्टला खोचायच्या डोंगलला. नव्वदच्या दशकात सीएडीवर काम केलेल्या अनेकांना ते डोंगल आठवत असेल. ते हरवले की काम बंद, आणि ज्याच्या टेबलाला ते लावलेले त्याच्याकडे जाऊन बसायचे. इथे इतिहास नावाची गोष्टच नव्हती. डोंगल आहे किंवा नाही, एवढेच यंत्राला कळे.

बदल घडला तो वर्कस्टेशन जाळ्यात जोडली गेल्यावर. दहा अभियंत्यांच्या दहा यंत्रांना दहा परवाने कशाला? एका वेळी चारच जण ते सॉफ्टवेअर उघडत असतील तर चार पुरेत, फक्त ते फिरते हवेत. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या ग्लोबट्रॉटर आणि हायलँड या दोन छोट्या कंपन्यांनी मिळून फ्लेक्सएलएम नावाची प्रणाली आणली. जाळ्यातल्या एका यंत्रावर परवान्यांचा रखवालदार बसतो. अभियंत्याने सॉफ्टवेअर उघडले की ते रखवालदाराकडे परवाना मागते, बंद केले की परत देते. गठ्ठ्यात उरलेला नसेल तर नकार. कालव्यावर पाळ्या लावणाऱ्या पाटकऱ्याचे काम याहून वेगळे नाही. या प्रणालीत एखाद्या गटासाठी काही परवाने राखून ठेवायची सोय आहे, एकाने किती घ्यावेत याची मर्यादा घालता येते, आणि घेऊन नुसता बसून राहिलेल्याकडून ठरावीक वेळाने परवाना काढूनही घेता येतो. चारीवर भांडणे कशावरून होतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला यातला एकही नियम समजावून सांगावा लागणार नाही.

रखवालदार प्रत्येक व्यवहाराची ओळ लिहितो. ओळीत वेळ, सॉफ्टवेअरचा घटक, वापरणाऱ्याचे नाव, त्याच्या यंत्राचे नाव आणि तीनपैकी एक शब्द असतो: आऊट, इन किंवा डिनाइड. दिला, परत आला, नाकारला. वापराचा इतिहास म्हणतात तो या तीन शब्दांतून उभा राहतो. एकाच नावाचा आऊट आणि त्यानंतरचा इन यांची जोडी लावली की पाळीची लांबी मिळते. एका क्षणी किती आऊट उघडे होते ते मोजले की गर्दीचा शिखरबिंदू मिळतो.

ऐकायला सोपे, करायला किचकट. या साध्या नोंदवहीत प्रत्येक ओळीपुढे तास, मिनिट, सेकंद असे; तारीख मात्र अधूनमधून स्वतंत्र ओळीत येई. मधलीच पाने हाती आली तर मंगळवारची पाळी बुधवारची होऊन बसे. यंत्र अचानक बंद पडले की काही आऊटना इन सापडतच नसे. आणि डिनाइडच्या ओळींवर डोळे झाकून विसंबता येत नाही: एका विद्यार्थ्याने चिडून दहा वेळा क्लिक केले तर दहा नकार लिहिले जातात, गरजू मात्र एकच असतो. साध्या वहीशिवाय अहवालासाठी दुसरी, तपशीलवार वहीही ठेवता येई, पण ती कूटबद्ध असे. वापरणाऱ्याच्याच संगणकावर, त्याच्याच माणसांच्या कामाची नोंद, पण ती वाचायला वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागे. नोंद फेरफारापासून सुरक्षित राहावी हा हेतू रास्त असू शकतो. तरीही आपल्याच वापराची वही आपल्याला वाचता येऊ नये, ही गोष्ट सलणारीच.

नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने हे दुखणे दुसऱ्या रूपात कितीतरी आधी सोसले आहे. १८७९ चा मुंबई पाटबंधारे कायदा, १९२६ मध्ये पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण, ओझरच्या बंधाऱ्यावरून निघालेले कालवे, आणि त्या पाण्यावर उभी राहिलेली उसाची अर्थव्यवस्था. १९५०-५१ च्या हंगामात सुरू झालेला लोणीजवळचा प्रवरेचा सहकारी साखर कारखानाही त्याच पाण्याचे फळ. कालव्याचे पाणी हवे तर नमुना नंबर सातचा अर्ज भरायचा: गट नंबर, क्षेत्र, पीक. मंजुरी मिळाली की ती मुभा. मग मोजणीदार येऊन भिजलेले क्षेत्र मोजणार आणि त्यावर पाणीपट्टी बसणार. मोजमाप क्षेत्राचे आणि पिकाचे. पाणी प्रत्यक्षात किती आले, किती तास आले, हे त्या हिशेबात येत नसे. शेपटीच्या शेतकऱ्याला निम्मे पाणी मिळाले तरी कागदावर त्याचे क्षेत्र भिजलेलेच. आणि वही खात्याच्या कार्यालयात.

ही वही शेतकऱ्याच्या हाती देण्याचा राज्यातला एक आरंभीचा प्रयोग याच जिल्ह्यात झाला. मुळा धरणाच्या उजव्या कालव्यावर, नेवासा तालुक्यात चांद्याच्या परिसरात, मायनर सात या पोटकालव्यावर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस श्री दत्त सहकारी पाणी वाटप संस्था उभी राहिली. पुण्याच्या ‘कासाद’ या अभ्यास संस्थेचे कार्यकर्ते त्यामागे होते. रचना साधी होती: मायनरच्या मुखाशी पाणी मोजून घ्यायचे, आणि आत सभासदांत वाटप, वसुली व नोंद संस्थेने स्वतः करायची. पाणीपट्टी क्षेत्रावर नव्हे तर घनमापनावर. म्हणजे परवान्याचे मोजमाप ‘कागदावर किती क्षेत्र’ हे सोडून ‘प्रत्यक्षात किती वापरले’ यावर आले. पुढे २००५ मध्ये राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतीचे व्यवस्थापन करण्याचा कायदा केला आणि पाणी वापर संस्थांना घनमापनाने पाणी देण्याचे तत्त्व त्यात आले. कायदा झाला म्हणजे प्रत्येक चारीवर मापनपट्टी बसली असे नव्हे. पण ज्या संस्थेने स्वतःची नोंद ठेवली, तिला अधिकाऱ्यासमोर मोकळ्या हाताने जावे लागले नाही, आणि हा फरक मोठा आहे.

सॉफ्टवेअरच्या वहीचे कुलूपही हळूहळू सैल झाले. ग्लोबट्रॉटर २००० मध्ये मॅक्रोव्हिजनने घेतली. फ्लेक्सएलएमचा तो वारसा पुढे फ्लेक्सेरा या नावाने चालू राहिला. ग्लोबट्रॉटरचे संस्थापक मॅट ख्रिस्तियानो यांनी २००६ मध्ये रिप्राइज ही नवी कंपनी काढली. तिच्या आरएलएम या प्रणालीत अहवालाच्या वहीचा आराखडा वापरपुस्तिकेतच छापलेला आहे: कोणत्या ओळीत कितवा रकाना कशाचा. ज्याला वाचायचे त्याने वाचावे. त्याच साली सॉफ्टवेअर मालमत्तेच्या व्यवस्थापनासाठी आयएसओ १९७७० या मालिकेतले पहिले मानक आले, आणि २०१७ मध्ये त्याच मालिकेत वापराच्या नोंदीचा नमुना ठरवणारे चौथे.

मधल्या काळात वेबने वेगळीच वाट पाडली होती. रॉय फील्डिंग यांनी २००० साली आपल्या प्रबंधात वेबच्या रचनेचे जे तत्त्व मांडले, त्यावर ‘रेस्ट’ पद्धतीचे एपीआय उभे राहिले. प्रत्येक गोष्टीला पत्ता आणि प्रत्येक पत्त्याला ठरलेला प्रश्न. सॉफ्टवेअर ढगात गेले, परवाना महिन्याच्या वर्गणीचा झाला, तेव्हा नोंदवहीही विकणाऱ्याच्या सर्व्हरवर गेली. एका अर्थी ती पुन्हा खात्याच्या कार्यालयात पोचली, पण या वेळी कार्यालयाला खिडकी होती. आधी आपण कोण आहोत हे सिद्ध करणारे टोकन दाखवायचे, मग कालावधी सांगायचा, आणि उत्तर जेसनच्या किंवा सीएसव्हीच्या तक्त्यात घ्यायचे. तक्ता लांब असेल तर तो पानापानाने येतो; प्रत्येक पानाच्या शेवटी पुढच्या पानाचा पत्ता असतो, आणि तो घ्यायचे राहिले तर निम्माच इतिहास पूर्ण समजून बसण्याची चूक होते. नमुना सातच्या अर्जात एक रकाना चुकला की अर्ज परत येतो, तसाच हाही शिस्तीचा मामला.

मायक्रोसॉफ्टच्या ग्राफ या एपीआयचे उदाहरण घ्यावे. ऑफिसच्या वर्गणीचा वापर कोणी केला हे त्यातून ७, ३०, ९० किंवा १८० दिवसांसाठी विचारता येते. १ सप्टेंबर २०२१ पासून या अहवालांत वापरणाऱ्यांची नावे मुळातच झाकलेली येतात; संस्थेच्या व्यवस्थापकाने जाणीवपूर्वक ठरवले तरच ती उघडतात. हा बदल योग्यच झाला. पाळीची नोंद पाण्याच्या न्याय्य वाटपासाठी असते, कोण किती वाजता झोपला हे पाहण्यासाठी नाही. कर्मचाऱ्याने दिवसातून किती वेळ सॉफ्टवेअर उघडे ठेवले यावरून त्याची किंमत ठरवू पाहणाऱ्याने वहीचा उपयोगच चुकीचा ओळखला.

आणखी एक बारकावा इकडच्या माणसाला सहज चकवतो. अशा नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि भारत तिच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे एपीआयचा दिवस इथल्या घड्याळात पहाटे साडेपाचला बदलतो. रात्री एक वाजता काम करणाऱ्याची नोंद आदल्या दिवसाच्या खात्यात पडते. रात्रपाळीला दारे धरलेल्या शेतकऱ्यालाही मोजणीच्या कागदावर कालचा की आजचा, हा प्रश्न पडतोच.

या वहीचा उपयोग काय, ते महाविद्यालयात दिसते. १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली, तेव्हा लोणीला प्रवरा आणि संगमनेरला अमृतवाहिनी अशी दोन महाविद्यालये त्याच वर्षी या जिल्ह्यात निघाली. उसाच्या पट्ट्यातली मुले तिथे शिकली. अशा कोणत्याही ग्रामीण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आज फिरत्या परवान्यांचे गणित सारखेच बसते. समजा पंचवीस परवाने आणि साठ मुले आहेत. नूतनीकरणाची वेळ आली की विक्रेता चाळीस घ्या म्हणतो आणि हिशेबनीस पंधरांत भागवा म्हणतो. वही नसेल तर ज्याचा आवाज मोठा त्याचे चालते. वही असेल तर कळते की वर्षातले बहुतेक दिवस बाराच्या वर कोणी नसते, आणि प्रकल्प सादर करायच्या आधीचे तीन आठवडे पंचवीसही पुरत नाहीत. मग परवाने वाढवण्याऐवजी त्या तीन आठवड्यांसाठी बॅचच्या वेळा बदलता येतात, कालव्यावरच्यासारखी ओळीने शेजपाळी लावता येते. वाचलेल्या पैशात गावाकडून येणाऱ्या मुलांसाठी चार संगणक जास्त बसतात.

त्यासाठी वही वेळेवर उतरवून घ्यावी लागते. १८० दिवसांचीच खिडकी असेल तर जुलैमध्ये बसून गेल्या डिसेंबरचा हिशेब मागून उपयोग नाही. म्हणून जाणता प्रयोगशाळा साहाय्यक छोटा प्रोग्राम लिहून ठेवतो. तो रोज सकाळी सहाला, एपीआयचा दिवस बदलून गेल्यावर, आदल्या दिवसाची पाने मागवतो, शेवटच्या पानापर्यंत जातो आणि महाविद्यालयाच्या स्वतःच्या संगणकावर तारीखवार जमा करतो. पहिल्या महिन्यात त्या फायलीत फारसे काही दिसत नाही. वर्षाने नूतनीकरणाच्या बैठकीत तिची छापील प्रत टेबलावर येते, आणि विक्रेत्याचा माणूस आपला तक्ता उघडण्याआधी ती हातात घेऊन वाचू लागतो.