बेस्ट बससेवेचा ताफा
बेस्ट बससेवेचा ताफा : मुंबई महानगरपालिकेच्या ‘बेस्ट’ उपक्रमाकडील बसगाड्यांचा समूह. मुंबईत घोड्यांच्या ट्राम १८७४ पासून व विजेच्या ट्राम १९०७ पासून धावत होत्या. पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर सुरू झाली. दुमजली बस १९३७ मध्ये आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी महानगरपालिकेने खाजगी कंपनीकडून हा उपक्रम आपल्याकडे घेतला. विजेच्या तारांवर चालणाऱ्या ट्रॉलीबसचा प्रयोग १९६२ मध्ये झाला, पण तो १९७१ मध्ये आटोपला. ३१ मार्च १९६४ रोजी ट्राम बंद झाल्यावर रस्त्यावरील सार्वजनिक वाहतुकीचा मुख्य भार बसवरच आला.

ताफ्याची व्यवस्था आगारांतून चालते. दिवसाची फेरी संपली, की गाडी आगारात धुतली जाते. इंधन भरून तिची तपासणी होते आणि मोठ्या दुरुस्तीसाठी ती कर्मशाळेत जाते. काही गाड्या सदैव दुरुस्तीत असतात, म्हणून नोंदलेला ताफा आणि प्रत्यक्ष रस्त्यावरील गाड्या यांत नेहमीच अंतर राहते. गाडी जुनी होत जाते तसे हे अंतर वाढते. बदली लांबणीवर टाकून वाचवलेला पैसा बराचसा दुरुस्तीतच जातो. शिवाय थांब्यावर ताटकळणाऱ्या प्रवाशाची किंमत कोणत्याच हिशेबात धरली जात नाही.

नूतनीकरणाचा प्रश्न मुळात पैशाचा आहे. वीजपुरवठ्याच्या उत्पन्नातून बससेवेची तूट भरून काढण्याची सोय बेस्टला दीर्घकाळ होती. २००३ च्या विद्युत अधिनियमानंतर वीजग्राहकांवरील हा भार वादग्रस्त ठरला व पुढे थांबला. एकेकाळी चार हजारांहून अधिक असलेला ताफा घटत गेला. जानेवारी २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांचा नऊ दिवसांचा संप झाला. त्याच वर्षी कर्मचारी संघटनेशी झालेल्या करारात स्वमालकीच्या ३,३३७ गाड्या राखण्याचे मान्य करण्यात आले. त्याबरोबरच गाड्या भाड्याने घेण्याचा मार्गही मोकळा झाला. या पद्धतीत गाडी, चालक व देखभाल कंत्राटदाराची असते आणि उपक्रम प्रतिकिलोमीटर दराने मोबदला देतो. भांडवल एकदम गुंतवावे लागत नाही, हा तिचा लाभ. मात्र कंत्राटदाराने हात आखडता घेतला, तर मार्गच ओस पडतात. ३,३३७ चा आकडा पाळला गेला नाही. २०२५ पर्यंत स्वमालकीच्या गाड्या हजाराच्याही आत आल्या.

केवळ गाड्या मोजून क्षमतेचा अंदाज येत नाही. भाड्याच्या गाड्यांत लहान आकाराच्या बऱ्याच होत्या, तर पंधरा वर्षांची आयुर्मर्यादा संपल्याने डिझेलवरील शेवटच्या दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी प्रवासी सेवेतून निवृत्त झाल्या. मुंबईकर निरोपाला आवर्जून आले होते. विजेवरील वातानुकूलित दुमजली बस त्याआधी, फेब्रुवारी २०२३ पासून धावू लागली होती. जुलै २०१९ मध्ये ५ रुपयांवर आणलेले किमान भाडे मे २०२५ मध्ये १० रुपये करण्यात आले.