भिगवणला ‘समुद्र’ कुठून आला? एकाच गावाबद्दल पर्यटक इतकं वेगवेगळं का सांगतात?

पुण्याहून सोलापूर महामार्गाने साधारण १०० किलोमीटर गेलं की इंदापूर तालुक्यातलं भिगवण लागतं. हा भाग पर्जन्यछायेतला, वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तरीही इथे नजर पोहोचेल तिथवर पाणी, होड्या, जाळी आणि मासळी बाजार दिसतो. त्यामुळे पहिल्यांदा येणाऱ्याला कोकणातल्या एखाद्या बंदरावर आल्यासारखं वाटतं.

हे पाणी उजनी धरणाचं. भीमा नदीवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण यशवंतसागर जलाशयाचा फुगवटा भिगवणच्याही वर दौंड तालुक्यापर्यंत येतो. त्याखाली अनेक गावं आणि सुपीक जमिनी गेल्या. पळसदेवचं जुनं मंदिरही बुडालं. पाणी खूप आटलं की ते पुन्हा दिसतं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते बघायला गर्दी झाली होती.

कुणाला हजारो पक्षी, कुणाला काहीच नाही

फ्लेमिंगो, म्हणजेच रोहित, उथळ पाण्यात उभा राहून चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातो. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर त्याला उभं राहायला जागाच नसते. पाणी ओसरून दलदल उघडी पडली की थवे उतरतात, साधारण जानेवारीपासून पुढे. पाऊस जास्त झालेल्या वर्षी ते उशिरा येतात. भारतात त्यांची मोठी वीण कच्छच्या रणात, म्हणजे समुद्रालगतच्या खाऱ्या वाळवंटात होते. चित्रबलाक आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंबही इथे दिसतात.

फोटोतला गुलाबी रंग कुठे जातो?

उभा असलेला रोहित दुरून बराचसा पांढराच दिसतो. पंखांतला गडद गुलाबी रंग तो उडाल्यावर उघडतो. म्हणूनच ‘तो’ फोटो मिळवण्यासाठी काही जण होडी थेट थव्यात घालायला सांगतात. प्रत्येक वेळी उडण्यात पक्ष्यांची ताकद आणि खाण्याचा वेळ जातो. वारंवार त्रास झाला तर ते ती जागा सोडतात. ज्या मच्छीमारांनी मासेमारीला पक्षीदर्शनाची जोड दिली, त्यांचा हंगामही त्यांच्याबरोबर जातो.

पाण्याला वास का येतो?

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येतं. त्यातल्या पोषक द्रव्यांवर शेवाळ आणि जलपर्णी माजते. म्हणजे ज्या पाण्याला पुणेकर पर्यटक नाक मुरडतो, त्यात त्याच्याच शहराचा वाटा असतो.

जाण्याआधी

• कुंभारगाव, डिकसळ भागातल्या नावाड्यांना पाण्याची पातळी आणि पक्षी आहेत का, हे विचारून घ्यावं.
• सकाळी लवकर जावं. तेव्हा ऊन आणि वारा दोन्ही कमी असतात.
• लाइफ जॅकेट घालावंच. २१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशी मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून ६ जणांचा मृत्यू झाला होता. हे पाणी शांत दिसतं, पण मोकळ्या जलाशयात लाटा चटकन उठतात.
• होडी थव्यापासून लांब थांबवायला सांगावी. पक्षी आपणहून उडेपर्यंत वाट पाहिली, तर गुलाबी रंग तसाही दिसतोच.