मुंबई-लंडन : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

मुंबई ते लंडन हे सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. जेट विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास धरला, तर आठ तासांत पोहोचावे, असा हिशेब कोणीही मांडेल. प्रत्यक्षात तो जुळत नाही. जाताना साधारणतः साडेनऊ ते दहा तास लागतात, परतताना त्याहून कमी. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे जाताना विमानाला अडवतात आणि येताना पुढे ढकलतात. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक. शिवाय नकाशावरील सरळ मार्ग नेहमी खुला असतोच असे नाही. फेब्रुवारी २०१९मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केल्यावर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना जुलैपर्यंत वळसा घ्यावा लागला होता. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनसाठी निघालेले एअर इंडियाचे पहिले विमान, 'मलबार प्रिन्सेस', तर कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले होते.

खरा घोटाळा होतो तो घड्याळामुळे. तिकिटावरील वेळा त्या-त्या शहराच्या असतात. भारताचे घड्याळ लंडनच्या साडेपाच तास पुढे. मार्चच्या अखेरच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारपर्यंत साडेचार तास. त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी दोनला निघून तिकडे संध्याकाळी सातला उतरणाऱ्याचे तिकीट पाच तासांचे भासते. प्रवास मात्र साडेनऊ तासांचा. ठरावीक अंतराने औषध घेणाऱ्या ज्येष्ठ प्रवाशांनी वेळापत्रक निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून तासांच्या हिशेबाने आखून घ्यावे.