सहावा गडी

एका रात्री दहापैकी आठ फेका जाळ्यात, तर दुसऱ्या रात्री त्याच जागेवरून जेमतेम दोन. असा लहरी नेमबाज पहिल्या पाचांत उतरवायचा की बाकावर राखून ठेवायचा, यावर अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगचे प्रशिक्षक कित्येक दशके डोके खाजवत आले आहेत. मात्र बाकावर बसवणे ही शिक्षा नसून खेळी असू शकते, हे ध्यानात यायला आधी एक नियम बदलावा लागला.

१९५४ पर्यंत आघाडीवर असलेला संघ चेंडू खुशाल दाबून बसे. सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी २४ सेकंदांच्या घड्याळाचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. चेंडू हाती आल्यावर तेवढ्या वेळात फेक केलीच पाहिजे! एका सामन्यातली एका संघाची सरासरी ७९.५ गुणांवरून पुढच्याच हंगामात ९३.१ वर गेली. खेळाची धावपळ वाढली तशी पाचही जणांची दमछाक वाढली, आणि ताज्या पायांना किंमत आली.

नेमक्या त्याच हंगामात फ्रँक रॅम्झी बॉस्टन सेल्टिक्समध्ये दाखल झाला. प्रशिक्षक रेड आउरबाख यांचा हिशेब साधा होता. पहिले पाच दमले की समोरचा संघ आपला दुय्यम खेळाडू आत पाठवणार. त्याच वेळी आपण मुद्दाम मागे ठेवलेला चांगला खेळाडू, म्हणजेच सहावा गडी, सोडायचा. रॅम्झी अंगावरचे जाकीट सैल ठेवूनच बाकावर बसे, इशारा मिळताच उठता यावे म्हणून. या भूमिकेत तो सात विजेतेपदांचा मानकरी ठरला. १९६२ मध्ये आलेल्या जॉन हॅवलिचेकने त्याच्याकडून हीच विद्या उचलली आणि निवृत्त होईपर्यंत २६,३९५ गुण जमवले. आज एनबीएच्या सर्वोत्तम सहाव्या गड्याला मिळणारा करंडक हॅवलिचेकच्याच नावाचा आहे.

मात्र हे दोघेही लहरी नव्हते. सहाव्या गड्याची जागा आधी भरवशाच्या माणसासाठी तयार झाली. बेभरवशाचे नेमबाज तिथे नंतर आले.

हा करंडक सुरू झाला १९८२-८३ च्या हंगामात, आणि पहिल्याच वर्षी या कोड्याचे उलटे उत्तर दिसले. तो फिलाडेल्फियाच्या बॉबी जोन्सला मिळाला. जोन्स शांत, शिस्तीचा, बचावात पक्का. त्याच संघातला अँड्र्यू टोनी हा लहरी नेमबाज म्हणून प्रसिद्ध. एकदा सूर लागला की थांबायचा नाही. आधीच्या मोसमांत टोनी बहुतेकदा बाकावरून येत असे, पण या हंगामात तो पहिल्या पाचांत होता. शेजारी मोझेस मलोन आणि ज्युलियस अर्व्हिंग. या दोघांना रोखताना टोनीवर दुहेरी पहारा ठेवायला प्रतिस्पर्ध्यांकडे माणूसच उरत नसे. म्हणजे भरवशाचा गडी बाकावर आणि लहरी गडी मैदानात, अशी ही मांडणी. फिलाडेल्फियाने विजेतेपद पटकावले.

डेट्रॉइट पिस्टन्सकडे चित्र वेगळे होते. आयझाया थॉमस आणि पुढे ज्यो ड्यूमार्स ही गार्डांची, म्हणजे चेंडू खेळवणाऱ्यांची, जोडी ठरलेली. सुरुवातीपासून तिसरा गार्ड घातला असता, तर तिघांना पुरेल इतका चेंडू कुठून आणायचा? त्यामुळे विनी जॉन्सन बाकावर. ड्यूमार्स यायच्या आधीच, १९८५ च्या प्लेऑफमध्ये, बॉस्टनविरुद्ध एकट्या चौथ्या सत्रात त्याने २२ गुण मारले. झटक्यात तापतो म्हणून बॉस्टनच्या डॅनी एंजने त्याला ‘मायक्रोवेव्ह’ हे नाव दिले आणि ते कायमचे चिकटले. १९९० च्या अंतिम मालिकेचा पाचवा सामना पोर्टलंडमध्ये होता. दोनच मिनिटे राहिलेली असताना डेट्रॉइट ८३-९० असे मागे होते. त्यानंतर पोर्टलंडला एकही गुण मिळाला नाही, आणि अवघा ०.७ सेकंद शिल्लक असताना विनीच्या फेकीने ९२-९० असा सामना व विजेतेपद दोन्ही आले. सर्वोत्तम सहाव्या गड्याचा करंडक मात्र त्याला कधीच मिळाला नाही.

विनीसारख्यांना बाकावर ठेवण्यामागे प्रशिक्षकांचा आणखी एक तर्क असे. पाठवून बघायचे, आज हात तापलेला दिसला तर खेळू द्यायचे, नाहीतर चार मिनिटांत परत बोलवायचे. पहिल्या पाचांतल्या माणसाची मिनिटे हात दिसण्याआधीच कबूल केलेली असतात. बाकावरच्या माणसाच्या बाबतीत प्रशिक्षक मोकळा असतो.

या तर्काच्या मुळावरच १९८५ मध्ये घाव बसला. थॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी फिलाडेल्फियाच्याच १९८०-८१ च्या हंगामातल्या घरच्या सामन्यांची छाननी केली. तपासलेल्या खेळाडूंत टोनीही होता. आधीची फेक जाळ्यात गेली असेल तर पुढची जाण्याचे प्रमाण ५१ टक्के निघाले, चुकली असेल तर ५४. ‘तापलेला हात’ हा बघणाऱ्यांचा भास आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. आउरबाख यांनी हा अभ्यास सरळ झटकून टाकला.

म्हाताऱ्याचे अगदीच चुकले नव्हते, हे २०१८ मध्ये जोशुआ मिलर आणि अ‍ॅडम सांहुर्हो या अर्थतज्ज्ञांनी दाखवले. नाणे तीनदा उडवा. छाप्यानंतर पुन्हा छापा किती वेळा पडला, याचे प्रमाण लिहून ठेवा. शक्यता एकूण आठ. त्यांतल्या दोन क्रमांत छाप्यानंतरची नाणेफेकच नसते, ते सोडा. उरलेल्या सहा क्रमांतली प्रमाणे येतात १, १, अर्धा, ०, ०, ०. सरासरी पाच-बारांश, म्हणजे सुमारे ४२ टक्के. अस्सल नाण्यातही पन्नास येत नाहीत! त्यामुळे जुन्या पद्धतीने मोजताना ५० टक्क्यांचा नेमबाज एक फेक साधल्यावर पुढचीही पन्नास टक्के वेळा साधत असेल, तर तो नाण्याहून सरसच ठरतो. या दोघांनी जुनी आकडेवारी दुरुस्त करून पाहिली, तेव्हा तापलेल्या हाताच्या खुणा पुन्हा दिसू लागल्या.

तरीही प्रत्यक्षातले निर्णय पाहिले, तर लहरीपणापेक्षा शेजारी कोण खेळते यालाच जास्त वजन मिळालेले दिसते. मानाचा प्रश्न आडवा येतो तो वेगळाच. २००९ मध्ये मेम्फिसने एकेकाळच्या दिग्गज अ‍ॅलन आयव्हरसनला बाकावर बसवले आणि तीन सामन्यांत तो संघ सोडून गेला. उलट जमाल क्रॉफर्डने बाक आपलासा केला, तीनदा करंडक जिंकला आणि एप्रिल २०१९ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, बाकावरून येऊन ५१ गुण मारले.

जे. आर. स्मिथने दोन्ही बाजू पाहिल्या. त्याच्या फेकीचा नेम जितका भारी, तितकाच बेभरवशाचा. न्यूयॉर्क निक्सकडून २०१२-१३ मध्ये तो ८० सामने खेळला, एकदाही पहिल्या पाचांत नव्हता. सरासरी १८.१ गुण आणि सहाव्या गड्याचा करंडक. पुढे क्लीव्हलँडमध्ये लेब्रॉन जेम्स आणि कायरी अर्व्हिंग यांच्या सोबतीला आल्यावर तोच स्मिथ २०१५-१६ मध्ये खेळलेल्या सगळ्या ७७ सामन्यांत सुरुवातीपासून मैदानात होता. चेंडू घेऊन वाट काढायचे काम त्या दोघांकडे; स्मिथने मोकळ्या जागी उभे राहून आलेला चेंडू फेकायचा. सरासरी १२.४ वर उतरली. त्या वर्षीच्या अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात मध्यंतराला क्लीव्हलँड सात गुणांनी मागे होते. तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच स्मिथचा हात सुटला, पिछाडी भरून निघाली, आणि क्लीव्हलँडने ९३-८९ असा सामना जिंकून आपले पहिले विजेतेपद घेतले.